खोड कशाला म्हणायची?

घोड्याला स्वारीसाठी तयार करणाऱ्या माणसाला आपल्याकडे चाबूकस्वार म्हणतात. शब्द मोठा फसवा आहे. कसबी चाबूकस्वाराच्या हाती चाबूक असतो खरा, पण तो घोड्याच्या अंगाला लागत नाही. कोणत्या बाजूला वळायचे एवढेच तो दाखवतो. अंगाला लागतो तो ज्याला शिकवता येत नाही त्याचा. प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे काढलेल्या बाईला हे कोणी वेगळे सांगायला नको.

वाचक बंधू-भगिनींनो, कुटुंबाच्या या पानावर मुलांच्या परीक्षा, सुनेचे बाळंतपण, म्हाताऱ्यांचे पेन्शन असले विषय यायचे, तिथे आज घोडा कोठून आला असे तुम्ही म्हणाल. तर घोडा आमच्या घरातच आला आहे. एक नाही, दोन आले. एक खरी घोडी आणि एक लाकडी डुलता घोडा. दोघांवरूनही घरात चांगली बोलाचाली झाली, आणि दोन्ही वेळा भांडण एकाच शब्दावर येऊन थांबले, म्हणून आज लिहिते आहे.

खऱ्या घोडीची हकीकत आधी. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा मंडप-डेकोरेशनचा धंदा करतो. गाव आमचे चाळीसगाव तालुक्यातले. मंडप, खुर्च्या, स्टेज, लायटिंग सगळे त्याचे स्वतःचे. फक्त वरातीची घोडी बाहेरून आणावी लागे. ती ठरवायला फोन केला की घोडीवाला आधी विचारायचा, "लग्न कुठल्या वस्तीत?" उत्तर ऐकले की नेमकी त्या तारखेला घोडी दुसरीकडे दिलेली असायची. असे तीनदा झाले. चौथ्यांदा पुतण्याने फोन केलाच नाही. पतसंस्थेचे कर्ज काढले आणि स्वतःची घोडी घ्यायचे ठरवले.

वरात या प्रकाराबद्दल माझे मत घरात सर्वांना ठाऊक आहे. त्रिसरण, पंचशील, चार मान्यवरांची भाषणे धरूनही आपला मंगल परिणय तासाभरात आटोपतो. त्याच्या आधी तीन तास डीजे लावून रस्त्यात नाचायचे आणि वधूपित्याला कर्जात घालायचे, हे मला पटत नाही. मी लग्नघरी तोंडावर बोलून दाखवते. पण "मला घोड्यावर बसायचे नाही" हे आपण म्हणणे वेगळे आणि "तू बसायचे नाहीस" हे दुसऱ्याकडून ऐकून घेणे वेगळे. मार्च २०१८ मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात टिंबी गावी एका दलित तरुणाचा खून झाला. त्याने घोडा पाळला होता आणि तो त्यावर बसत होता, हे गावातल्या काहींना सहन झाले नाही, असे त्याच्या वडिलांनी तक्रारीत म्हटले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यात एका नवरदेवाला आपली वरात गावातून नेता यावी म्हणून महिनोन्‌महिने कचेऱ्यांचे आणि कोर्टाचे उंबरे झिजवावे लागले. जुलैत ती निघाली ती मोठ्या पोलीस बंदोबस्तात. म्हणून पुतण्याने "आत्या, घोडी घेतो" म्हटल्यावर मी वरातीवरचे व्याख्यान गिळले आणि त्याच्याबरोबर सारंगखेड्याला गेले.

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी आहे. दत्तजयंतीला तिथे यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. आम्हाला यात्रेशी कर्तव्य नव्हते; बाजाराशी होते. धुळ्याहून दोंडाईचामार्गे गेलो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून माणसे घोडे घेऊन येतात. कान आत वळून टोकाला टोक भिडणारे मारवाडी आणि काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे, आणि आपली साधी तट्टे. खाटेवर चढून नाचणारे घोडेही होते, त्यांच्याभोवती मोबाईल धरून गर्दी. मला तो प्रकार बघवेना, मी पुढे गेले.

जनावराचे वय सांगण्यावर विश्वास ठेवायचा नसतो, तोंड उघडून पाहायचे असते. पुढच्या दातांपैकी मधले दोन दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. विकणारा चार वर्षांची म्हणून सांगत होता त्या एका घोडीचे मधले दोन दात नुकतेच उगवत होते. म्हणजे अडीच वर्षांची, उंच वाढलेले शिंगरूच म्हणा. आमच्याबरोबर दोंडाईच्याकडचे एक म्हातारे चाबूकस्वार होते. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. चाचांनी दात पाहिले, चारी पायांवरून हात फिरवला, खूर उचलून पाहिले, तिला चालवून पाहिले आणि मान हलवली. "घोडी साफ आहे."

मग ती स्वस्त का? कारण कळले तेव्हा मला हसावे की रडावे कळेना. तिच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे. मारवाडी घोड्यांच्या बाजारात असा भोवरा म्हणजे 'आंसूढाळ', मालकाला रडवणारी, अत्यंत अशुभ. गळ्यावर भोवरा असेल तर 'देवमण', फार शुभ, किंमत चढते. कपाळावर पांढरा पट्टा आणि चारी पाय पांढरे असले तर पंचकल्याणी, मग तर विचारूच नका. काळ्या घोड्यालाही मारवाडी लोक अशुभ मानत आले आहेत. घोडी धावते कशी, खाते कशी, माणसाला ओळखते कशी, हे सगळे मागाहून. आधी जन्मतः केस कोणत्या दिशेने उगवले ते पाहायचे आणि किंमत ठरवायची! पुतण्या तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "आत्या, हिलाही जन्मावरून बाजूला काढलंय." मी काही बोलले नाही. पैसे मोजून झाले. कुमैत रंगाची, भोवऱ्याची, अडीच वर्षांची घोडी टेम्पोत चढली.

आता वाद कशावरून, ते सांगते. भावाचे म्हणणे, घोडी पौषात आली, चैत्र-वैशाखात लग्ने आहेत, तर या मोसमातच तिला वरातीला काढावी आणि हप्ते फेडावेत. भावाची बाजूही समजून घ्या. त्याने उमेदीची वर्षे मार्केट यार्डात पोती उचलण्यात घालवली आहेत. कर्ज म्हटले की त्याला रात्री झोप येत नाही. त्याच्या हिशेबी उभी घोडी म्हणजे खाणारे तोंड. हरभरा, कडबा, नालबंद, डॉक्टर, खर्च रोजचा आणि उत्पन्न शून्य. पुतण्या म्हणतो, दीड वर्ष तिच्या पाठीवर नवरदेव बसवायचा नाही. बापलेकांचे बोलणे बंद झाले आणि दोघांनीही वेगवेगळा मला फोन केला.

मी गेले त्या सकाळीच एक प्रसंग घडला. घोडीच्या पाठीवर पहिल्यांदा गोणपाट टाकले होते. ती एकदम तिरकी झाली, मागचे पाय झाडले, गोणपाट पाडले आणि थरथरत उभी राहिली. भाऊ ओट्यावरून म्हणाला, "बघ ताई, खोडकर निघाली. भोवऱ्याचं खोटं नसतं." चाचांनी गोणपाट उचलले, तिला हुंगायला दिले, मानेवर घासले, खांद्यावर ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. असे पंधरा-वीस वेळा. घाई नाही, आवाज नाही. मग मला म्हणाले, "बाई, ही खोड नाही. खोड म्हणजे माहीत असून केलेली गोष्ट. हिला अजून माहीतच नाही, तर ती करील काय?"

हे ऐकताना मला मज्झिम निकायातले भद्दालि सुत्त आठवले. भद्दालि नावाच्या भिक्खूला एक नियम पाळणे जमेना, म्हणून तो तीन महिने तथागतांसमोर आलाच नाही. शेवटी आला तेव्हा तथागतांनी त्याला उमद्या जातीच्या तरुण घोड्याची उपमा सांगितली आहे. कसबी शिक्षक घोड्याला आधी तोंडात लगाम धरायला शिकवतो. घोडा वाकडातिकडा होतो, तडफडतो, कारण ही गोष्ट त्याने पूर्वी कधी केलेली नसते. पुन्हा पुन्हा, हळूहळू केले की तो त्यात शांत होतो. मग जुवाखाली आणतात. पुन्हा तडफड, पुन्हा सराव, पुन्हा शांती. मग पुढची चाल, मग त्याच्या पुढची. प्रत्येक नव्या पायरीला घोडा नव्याने बिथरतो, आणि शिक्षक त्याला दोष देत नाही. पूर्वी केले नव्हते, एवढेच कारण तो मानतो. आपण रोज वंदनेत तथागतांना 'पुरिसदम्मसारथि' म्हणतो. माणसांना वळण लावणारा सारथी, असा त्या शब्दाचा अर्थ, आणि त्यातला सारथी हा घोडे शिकवणाऱ्याच्या कसबावरूनच आलेला आहे. इतक्या वर्षांच्या वंदनेत हा शब्द माझ्या तोंडून घरंगळत गेला. आता म्हणताना ते गोणपाट दिसते.

भावाला सुत्त सांगून उपयोग नव्हता, त्याला हाडे सांगितली. घोड्याच्या पायाची खालची हाडे लवकर पक्की होतात, गुडघ्यालगतची अडीच वर्षांच्या सुमारास, आणि पाठीचे मणके सर्वांत शेवटी, पाच वर्षे उलटल्यावर. म्हणजे आपण बसतो नेमकी ती जागा सर्वांत उशिरा तयार होते. पूर्ण वाढीच्या निरोगी घोड्यानेसुद्धा, खोगीर धरून, स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझे वाहू नये असा जाणकारांचा सर्वसाधारण दंडक आहे. साडेतीनशे किलोच्या घोड्याला हे झाले सत्तर किलो. आता आपला नवरदेव डोळ्यांपुढे आणा. शेरवानी, फेटा, नोटांचा हार, पुढे बसवलेले एक पोर आणि वर ते जरीचे जड खोगीर! आणि हे सगळे पाठ कच्ची असलेल्या घोडीवर, डीजेच्या भिंतीपुढे, फटाक्यांत. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण अगदी कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. मागून कोणी नाचत आला, पाठीवर थाप मारली, तर ते काय आहे हे कळायच्या आत घोडी पळणार. पळणे हेच तिचे संरक्षण आहे. त्या वेळी वर बसलेला मुलगा कुणाचा असेल?

एवढे बोलून झाल्यावर भाऊ म्हणाला, "मग आपल्या लोकांनी घोड्याच्या नादी लागूच नये. आपल्याला कुठे येतं ते?"

या वाक्यापाशी मात्र मी त्याला थांबवले. कारण हे वाक्य तो चाळीसगाव तालुक्यात बसून बोलत होता. १९२९ साली बाबासाहेब धुळ्याचे काम आटोपून मुंबईला परतताना चाळीसगावला उतरले. महारवाड्यातल्या लोकांनी एक रात्र मुक्कामाचा आग्रह केला होता. स्टेशनवर त्यांना तासभर ताटकळावे लागले. मग टांगा आला. दोनशे पावले जातो न जातो तोच तो एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या मोरीपाशी घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आपटले, बाबासाहेब मोरीच्या फरसबंदीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट खाली नदीत गेला. बाबासाहेब बेशुद्ध झाले, त्यांचा पाय मोडला. रोज भाड्याने चालणाऱ्या टांग्याचा हाकणारा इतका अनाडी कसा, हे कोडे नंतर उलगडले. गावातला एकही टांगेवाला अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार नव्हता. ते त्याच्या प्रतिष्ठेला कमीपणाचे होते. तोड निघाली ती अशी, की टांगा भाड्याने न्या, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. मग वस्तीतलाच एकजण पुढे झाला, ज्याने टांगा कधी हाकला नव्हता. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे.

मी लहान असताना हा प्रसंग टांगेवाल्याच्या उर्मटपणाचा म्हणून सांगितला जाई, आणि तसा तो आहेच. पण घरात घोडी आल्यापासून मला तो लगाम धरलेला आपला माणूस जास्त दिसतो. त्याला काय वाटले असेल? त्याची चूक होती काय? त्याच्या हातात लगाम कधी येऊच दिला नव्हता, आणि आला तो एकदम त्या दिवशी, एवढा मोठा माणूस मागे बसलेला असताना. घोडाही परक्या हाताने बिचकला असेल. कोणाला शिकू द्यायचे नाही आणि मग त्याला येत नाही म्हणून बोट दाखवायचे, हा खेळ आपल्याला परिचयाचा आहे. भावाला म्हटले, "तो माणूस कमी पडला नाही, त्याला दीड वर्ष मिळालं नाही. तुझ्या पोराला ते मिळतंय, तर तू का कापतोस?" भाऊ बराच वेळ गप्प होता. मग त्याने हप्त्याची तारीख विचारली.

तडजोड अशी झाली. या उन्हाळ्यात घोडी वरातीला निघणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती फक्त मंडपापासून लांब उभी राहील, बँडचा आवाज ऐकायला. त्याच्या पुढच्या मोसमात नवरदेव. तोवरचे काही हप्ते मी पेन्शनमधून द्यायचे आणि घोडी कमावू लागली की परत घ्यायचे. कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. नात्यातला व्यवहार तर लिहूनच करावा, म्हणजे नाते शिल्लक राहते. माझ्या दोन अटी होत्या. काटेरी लगाम घरात येता कामा नये. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांनी काटेरी लगामाला बंदी आहे, तरी बाजारात तो मिळतो. आणि दुपारी बारा ते तीन घोडी बाहेर काढायची नाही. पारा सदतीसच्या वर जातो तिथे त्या वेळेत जनावराला कामाला लावू नये असेही तेच नियम सांगतात, आणि आपल्या खानदेशच्या उन्हाळ्यात सदतीस म्हणजे थंडीच.

सध्या चाचा तिला रोज लांब दोरीवर गोल फिरवतात, दहा मिनिटे डावीकडून, दहा मिनिटे उजवीकडून. एका अंगाने शिकवलेले दुसऱ्या अंगाने पुन्हा शिकवावे लागते म्हणे. खोगिराचा तंग एकदम आवळत नाहीत, एक भोक आज, एक परवा. पुतण्या अजून नीट बसलेला नाही. तिच्या पाठीवर पोट टेकून आडवा पडतो, उतरतो, पुन्हा पडतो. गावातली पोरे हसतात. हसू देत.

आता लाकडी घोड्याचे. सारंगखेड्याला जातानाच माझ्या मनात दुसरी खरेदी होती. माझ्या मुलाची मुलगी पौषात दोन वर्षांची झाली. तिला डुलता घोडा घ्यायचा होता. यात्रेत लाकडी गाड्या, भिंगऱ्या, टमटम पाहिजे तेवढ्या, पण डुलता घोडा काही मनासारखा मिळाला नाही. आपल्या विदर्भातल्या भगिनी म्हणतील, आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलांचा बाजार भरतो. खरे आहे, पण तो बैल दोरीने ओढायचा असतो, बसायचा नसतो. मला बसायचा हवा होता. त्याचे कारण मी मुलाला सांगितले नाही, तुम्हाला सांगते. आमच्या पाच पिढ्यांत घोड्यावर बाई बसलेली नाही. पुरुषही नाहीत म्हणा.

शहरात तीन दुकाने फिरले. पहिल्यात रॉकिंग हॉर्स म्हणून मऊ कापडाचा घोडा दाखवला. कान दाबला की खिंकाळतो, इंग्रजी गाणे म्हणतो आणि सेलवर आपोआप हलतो. मूल वर नुसते बसून राहायचे! मग ते शिकणार काय? डुलत्या घोड्याची सगळी गंमत अशी की मूल हलले तर घोडा हलतो, थांबले तर थांबतो. पुढे झुकायचे, मागे रेलायचे, पडायच्या आत स्वतःला सावरायचे, हे कमरेला आणि पायांना त्यातून कळते. दुसऱ्या दुकानात प्लॅस्टिकचे होते. हलके, देखणे, पण मी हाताने शेपटीकडे दाबले तर चक्क उलटे झाले. तिसऱ्यात लाकडी होता, पण दोन वर्षांच्या पोरीचे पाय जमिनीपासून वीतभर वर लटकतील एवढा उंच.

शेवटी बंगळूरला नोकरीला असलेल्या भाचीने चन्नपट्टणहून घोडा पाठवला. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरचे हे गाव लाकडी खेळण्यांसाठी नाव कमावून आहे आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. टिपू सुलतानाने इराणी कारागीर आणून ही कला तिथे रुजवली अशी परंपरा सांगतात. आपल्याकडे काळा कुडा म्हणतात त्या झाडाचे पांढुरके, हलके लाकूड तिथे वापरतात. कातावर लाकूड फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते आणि मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. आमच्या घोड्याची मूठ आणि पाय ठेवायचे दांडे असे कातीव आहेत. आपल्या सावंतवाडीच्या चितार आळीतही लाकडी खेळण्यांचे जुने काम आहे. कोकणात जाणार असाल तर तिथे जरूर पाहा.

घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगते. मूल बसल्यावर दोन्ही पावले जमिनीला टेकली पाहिजेत. घोडा हाताने पुढे आणि मागे पूर्ण दाबून पाहा. टोकाला जाऊन तो थांबला पाहिजे, उलटता कामा नये. जुन्या सुती साडीचा तुकडा सगळीकडून घासून पाहा; धागा अडकला तर उद्या बोट अडकेल. खालच्या वाकड्या पट्ट्यांखाली शेजारी रांगणाऱ्या भावंडाची बोटे जातात, तेव्हा लहान भावंड असेल तर घोडा भिंतीच्या कोपऱ्यात न ठेवता मोकळ्यावर, नजरेसमोर ठेवा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत उत्पादकांना त्यातून सूट आहे. तेव्हा दुकानातल्या खेळण्यावर चिन्ह पाहा, कारागिराकडून घेत असाल तर रंग कोणता ते विचारा. गावच्या सुताराकडून करून घेतलात तर सर्वांत उत्तम, फक्त रंग लावू देऊ नका; शिसे असलेला रंग मुलाच्या तोंडात जातो आणि शिसे मेंदूला घातक असते. नुसते तेल पाजलेले लाकूड काय वाईट दिसते?

घोडा आला त्या दिवशी घरातली सगळी माणसे भोवती जमली. मुलाने पोरीला उचलून सरळ घोड्यावर ठेवले आणि झोका दिला. ती किंचाळली, आईच्या गळ्यात पडली, घोड्याकडे बघेना. मुलगा म्हणाला, "भित्री आहे, आईवर गेलीय." सून तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि बरोबरच केले तिने. मी मुलाला चाचांचे गोणपाट सांगितले. ज्या पोरीने पायाखालची जमीन कधी हलताना पाहिली नाही, तिने ओरडू नये तर काय करावे? घोडा कोपऱ्यातून काढून माझ्या खोलीत ठेवला आणि सर्वांना ताकीद दिली: कोणी तिला बसवायचे नाही, कोणी 'बस बस' म्हणायचे नाही, आणि मुख्य म्हणजे कोणी मोबाईल काढायचा नाही.

पहिले दोन दिवस ती दारातून बघून जाई. तिसऱ्या दिवशी शेपटीला हात लावला. मग एकदा त्याच्या तोंडापुढे फुटाणे ठेवलेले दिसले. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा मी सिद्धार्थाच्या घोड्यावरून 'कंथक' सुचवले. तिने 'काकडी' ठेवले, तेच कायम आहे. मग काही दिवस तिची चिंध्यांची बाहुली काकडीवर बसत होती आणि ती शेजारी उभी राहून मूठ धरून हळूच हलवत होती, बाहुली पडली की पुन्हा नीट बसवत होती. कोणी शिकवले नव्हते. खांद्याच्या बाजूने जवळ जायचे, समोरून नाही, हेही तिला कोणी सांगितलेले नाही.

परवा सकाळी मी भाकरी थापत होते. खोलीतून लाकडाची कुरकुर ऐकू आली, आधी थांबून थांबून, मग सलग. सून उठू लागली, तिला हाताने बसवले. थोड्या वेळाने बाहुली एकटीच दारातून बाहेर फेकली गेली. पट्ट्यांखाली आता जुनी सतरंजी घालावी लागली आहे, कारण फरशीवर घोडा पुढे सरकत जातो आणि काल तो पार पलंगापर्यंत पोहोचला होता.